मोसम संपल्यावर उरतं काय?

आटगाव स्टेशनातून मुंबईकडे जाणारी पहाटेची लोकल सुटली की थोड्याच वेळात आमच्या घरामागच्या रस्त्यावर पावलांचे आवाज येऊ लागतात. हा रस्ता तानसा तलावाकडे जातो. पाऊस ओसरला की त्यावर पाच-सहा मुली रोज धावताना दिसतात. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात साध्या स्लीपर, एखादी अनवाणी. शाळांच्या स्पर्धांचा मोसम सुरू झाल्याची आमच्याकडची ही खूण. मी तेव्हा अंगणात चहा घेत बसलेली असते, आणि गेली काही वर्षं माझ्या दिवसाची सुरुवात या मुलींनीच होते.

त्यांतली सर्वांत पुढे असणारी मुलगी गेल्या वर्षी नववीत होती. पंधराशे मीटर पळायची. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी तिची आई भाताची झोडणी आटोपून तशीच माझ्याकडे आली. अंगावर तूस, केसांत काड्या. ओट्यावर टेकून म्हणाली, "मॅडम, पोरीच्या अंगाला काय लागत नाय. खाते तरी वाळत चाललीय. कुणाची नजर लागली का काय, बघा जरा."

नजर काढण्यातलं मला काही कळत नाही. पण सदतीस वर्षं बँकेत काढल्यामुळे कुठलंही दुखणं आलं की मी आधी आकडे मागते. मुलीला बोलावून घेतलं. शाळेत ऑगस्टमध्ये वजन केलं तेव्हा ४१ किलो होतं. आता ३७. मधल्या चार महिन्यांत तिचं काय झालं म्हणून विचारलं, तर तिनं सांगितलं ते असं : सप्टेंबरात तिची वेळ सुधारली. सर खूश झाले. सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, कशी हलकी झाली, आता उडेल." ऑक्टोबरात वेळ तिथंच अडली. नोव्हेंबरात घसरली. आता उजव्या नडगीत कळ येते, पण सरांना सांगितलं नाही, संघातून काढतील. आणखी एक गोष्ट तिनं शेवटी, आई आत पाणी प्यायला गेल्यावर, खाली मान घालून सांगितली. गणपतीपासून तिला पाळी आलेली नव्हती. "बरंच झालं की आजी, पळायला सोपं," असंही वर म्हणाली.

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी, बँकेतल्या टेबलाशेजारच्या टेबलावर.

त्या काळी बँका खेळाडू मुलींना नोकरी देत. कबड्डीचे, खो-खोचे महिला संघ असत. माझी एक मैत्रीण कबड्डीच्या कोट्यातून लागलेली होती. दिवाळी झाली की तिचा मोसम सुरू व्हायचा, तो थेट उन्हाळ्यापर्यंत. सकाळी सराव, दिवसा काउंटर, संध्याकाळी पुन्हा सराव, आणि शनिवार-रविवार गावोगावच्या प्रकाशझोतातल्या स्पर्धा. डबा उघडायला तिला वेळच नसे. मोसमाच्या अखेरीस तिचा चेहरा उतरलेला, गळ्याची हाडं वर आलेली. महिनोन् महिने पाळी यायची नाही, आणि आम्ही बाकीच्या तिचा हेवा करायचो! ती चोपन्न वर्षांची असताना घरातल्या घरात घसरली आणि मनगट मोडलं. तपासणीत हाडं विरळ झाल्याचं निघालं. त्या जुन्या मोसमांमुळेच असं झालं, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणणार नाही; हाडं विरळ होण्याची कारणं अनेक असतात. पण तरुणपणी पाळी किती किती दिवस बंद असायची, हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदा विचारला गेला तो त्या दिवशी. तीस वर्षं उशिरा. हे मात्र मला विसरता येत नाही.

म्हणून आज हा विषय. खेळाच्या मोसमात मुलींच्या शरीराचं नेमकं काय होतं? आपण पदकं मोजतो, वेळ मोजतो, फार तर वजन मोजतो. पण मोसम सुरू होताना जी मुलगी मैदानात उतरली, ती मोसम संपल्यावर कशी परत आली, हे बघण्याची आपल्याकडे रीतच नाही.

आधी वजनकाट्याविषयी. बँकेत एखाद्या खात्यावरची बाकी पाहून त्या माणसाची सांपत्तिक स्थिती कधी कळत नाही. बाकी दहा हजार. पण ते कष्टाचे, की उसने, की उद्या जाणारे? वजनाचंही तसंच आहे. काट्यावर एकच आकडा दिसतो. त्यात हाडं असतात, स्नायू असतात, चरबी असते आणि पुष्कळसं पाणी असतं. स्नायू चरबीपेक्षा घट्ट, वजनाला जड. त्यामुळे एक किलो चरबी गेली आणि एक किलो स्नायू आला, तर मुलगी दिसायला बारीक होते, ताकदीनं वाढते आणि काटा जागचा हलत नाही. उलट दोन किलो स्नायू झडला तर काटा खाली येतो, आणि आपण टाळ्या वाजवतो.

पाण्याचा खेळ तर आणखी फसवा. शरीर स्नायूंत जी साखर साठवून ठेवतं, तिच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी राहतं. दोन दिवस जेवण तोडलं की ही साखर नि हे पाणी निघून जातं आणि किलो-दीड किलो 'कमी' होतं. २०२४ च्या ऑगस्टमधली पॅरिसची ती सकाळ आपण कुणीच विसरलेलो नाही. विनेश फोगट ५० किलो गटात एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत गेली, आणि ७ ऑगस्टला सकाळी १०० ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून बाद झाली. रात्रभर तिनं पळून, घाम काढून, केस कापून वजन उतरवायची शिकस्त केली. देशभर त्या शंभर ग्रॅमांवर हळहळ झाली. पण ५३ किलोत खेळणाऱ्या मुलीला ५० किलोत बसवताना शरीराला किती ओढाताण सोसावी लागते, यावर त्यामानानं थोडंच बोललं गेलं. आपल्याकडे कबड्डीतही वजनाची अट असते. लहान गटांत ती अट पाळण्यासाठी वजनाच्या दिवशी मुली सकाळपासून पाणीही पीत नाहीत, हे मैदानावर वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे.

आता मोसमाकडे येऊ. सगळं सुरळीत असेल, पोटभर आणि वेळेवर खायला असेल, तर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत शरीर चांगलं बदलतं. थोडी चरबी उतरते, स्नायू भरतो. स्पर्धा ऐन भरात आल्या की शरीर त्या पातळीवर स्थिरावतं. मोसमाच्या शेवटी थकवा साचतो. ताकदीचे व्यायाम मागे पडतात, कारण रोज कुठं ना कुठं सामना असतो. तेव्हा मिळवलेला स्नायू थोडा सुटू लागतो. मग सुटीत चरबी थोडी परत येते. ही भरती-ओहोटी निरोगी आहे. सुटीतली ती दोन किलो म्हणजे आळस नव्हे. ती शरीरानं केलेली डागडुजी असते.

गडबड होते ती खाणं कमी पडलं की. यासाठी एक साधा हिशेब करू. एक मुलगी घ्या, वजन ४० किलो. त्यांतलं २० टक्के, म्हणजे ८ किलो चरबी धरू. उरलं ३२ किलो. हे ३२ किलो म्हणजे शरीराचा चालता कारखाना : हृदय, मेंदू, यकृत, स्नायू, हाडं. समजा ती दिवसभरात १४०० उष्मांकांचं अन्न खाते. सरावात त्यांतले ५०० जातात. उरले ९००. ते ३२ किलोंत वाटले तर किलोमागे २८ येतात. शास्त्रज्ञांनी तरुण स्त्रियांवर प्रयोग करून पाहिलं आहे, की ही शिल्लक किलोमागे ३० च्या खाली गेली तर पाळी चालवणाऱ्या संप्रेरकांचा ताल अवघ्या पाच दिवसांत बिघडू लागतो. ४५ च्या आसपास असली तर सगळं बरं चालतं. ही रेघ प्रत्येकीसाठी तंतोतंत तीच नसते. कुणी लवकर डगमगते, कुणी उशिरा. वाढत्या वयाच्या मुलीला तर याहून अधिकच लागतं. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत १३ ते १५ वयाच्या मुलीसाठी दिवसाला २४०० आणि १६ ते १८ साठी २५०० उष्मांक सांगितले आहेत. आमच्या पाड्यांवरच्या किती घरांत एका मुलीच्या ताटात एवढं पडतं, याचा ज्यानं त्यानं अंदाज करावा.

आवक कमी आणि जावक जास्त झाली की शरीर काय करतं? कुठलाही शहाणा कारभारी करील तेच. जे आज केलं नाही तरी चालेल, ते आधी बंद करतं. मूल होण्याची तयारी आज नसली तरी चालते, म्हणून पाळी थांबते. मेंदूतूनच तसा निरोप जातो. पाळीबरोबर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं, आणि हाडांची राखण करणारं तेच असतं. वाढ मंदावते. जखम लवकर भरत नाही. सर्दी-ताप पुन्हा पुन्हा येतो. चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही. मग नडगीच्या हाडाला दिसणार नाही इतकी बारीक चीर पडते, आणि सर म्हणतात, "तेल चोळ, होईल बरं."

यांत हाडांचा मामला सर्वांत गंभीर. हाडं ही आमच्या भाषेत मुदतठेव. आयुष्यभर पुरणाऱ्या या ठेवीतला सुमारे नव्वद टक्के भरणा अठराव्या वर्षापर्यंत होऊन जातो. पुढे विसाव्या-पंचविसाव्या वर्षानंतर खातं जवळजवळ बंद; मग केवळ काढणं. म्हणजे तेराव्या ते सतराव्या वर्षांत जिचा भरणा बुडाला, तिला तो नंतर पुरता भरून काढता येईलच याची खात्री नाही. आणि मुली सर्वाधिक जोमानं खेळतात त्याही याच वर्षांत.

जगाला हे कळायलाही वेळ लागला. अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या तज्ज्ञांनी १९९२ मध्ये कमी खाणं, बंद पाळी आणि विरळ हाडं यांची सांगड घालून तिला 'स्त्री-खेळाडूंचं त्रिकूट' असं नाव दिलं. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं हा विचार पुढं नेला. ही ऊर्जेची तूट हाडं आणि पाळी यांपुरती नसते, ती हृदयापासून मनापर्यंत सगळ्यांवर परिणाम करते आणि पुरुष खेळाडूंनाही ग्रासते, असं तिनं मांडलं. पूर्वी समजूत अशी होती, की अंगातली चरबी एका ठरावीक टक्क्याखाली गेली की पाळी थांबते. आता कळतं ते असं, की मुख्य प्रश्न चरबीच्या टक्क्याचा नाही, दिवसागणिक उरणाऱ्या उष्मांकांचा आहे. म्हणूनच दिसायला बारीक नसलेल्या मुलीलाही हा त्रास होऊ शकतो.

श्रीमंत देशांतही मुली यातून सुटलेल्या नाहीत. मेरी केन ही अमेरिकेतली विलक्षण गुणी धावपटू. २०१९ मध्ये तिनं जाहीरपणे सांगितलं, की प्रशिक्षकांच्या वजनाच्या हट्टापायी तीन वर्षं तिची पाळी बंद होती आणि पाच हाडं मोडली. तिथं अन्नाला तोटा नव्हता. 'हलकी हो, म्हणजे वेगानं धावशील' या कल्पनेनं तिचा घास केला. आपल्याकडे ती कल्पना आणि रिकामा डबा असे दोन्ही शत्रू एकदम येतात.

रिकाम्या डब्याची किंमत काय असते, हे पी. टी. उषानं पुढे अनेक वर्षांनी सांगितलं. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिचं कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागानं हुकलं. तिथं तिला रुचेल असं खाणं मिळत नव्हतं. भाताची पेज नि लोणचं यांवर भागवावं लागलं आणि शेवटच्या पस्तीस मीटरमध्ये ताकद टिकली नाही, असं ती म्हणाली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? एवढी साधी गोष्ट. पण ती ऐकायला देशाला जवळजवळ चाळीस वर्षं लागली.

आता आमच्या मुलुखाविषयी थोडं. शहापूर-मुरबाडकडे शेताचाही एक मोसम असतो, आणि तो खेळाच्या मोसमाच्या बरोबर आधी येतो. जून-जुलैत आवणी. घरातल्या बाया आणि मोठ्या मुली दिवसभर चिखलात वाकलेल्या. नेमके त्याच दिवसांत कणगीतलं भात तळाला गेलेलं असतं. नवं यायला दिवाळी उजाडते. गांबिया या पश्चिम आफ्रिकेतल्या देशात केनेबा नावाचं एक खेडं आहे. तिथं ब्रिटिश संशोधकांनी कित्येक वर्षं गावातल्या बायकांची वजनं टिपली. पावसाळ्यात, म्हणजे काम जास्त आणि धान्य कमी अशा दिवसांत, त्यांची वजनं दर वर्षी उतरतात आणि पीक आल्यावर पुन्हा चढतात; त्या दिवसांत जन्मणारी बाळंही वजनाला कमी भरतात, असं त्यांना दिसलं. आमच्याकडच्या कुठल्याही म्हातारीनं हे कागद-पेन्सिलीशिवाय सांगितलं असतं.

म्हणजे आमची मुलगी ऑगस्टमध्ये मैदानात उतरते तीच मुळी आवणीनं शिणलेली, खात्यात शिल्लक कमी असताना. वर सराव. दिवाळीनंतर झोडणी. काही घरं तेव्हा भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जायला निघतात; मग धाकट्या भावंडांचं नि म्हाताऱ्यांचं बघणंही तिच्याकडे येतं. आणि फेब्रुवारी-मार्चनंतर पाणी. तानसा नि भातसा आमच्या तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला जातं, आणि आमच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणं हाही व्यायामच, पण त्याचे उष्मांक कुठल्या सरांच्या वहीत लिहिलेले नसतात.

त्यात आणखी एक कोडं आहे. शाळेतलं दुपारचं जेवण पहिली ते आठवीच्या मुलांना मिळतं. सहावी ते आठवीसाठी त्यात ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं असावीत असा नियम आहे. नववीत गेलं की ते ताट बंद. म्हणजे ज्या वर्षी शरीर सर्वाधिक मागतं, ज्या वर्षी मुलगी वरच्या गटात खेळू लागते, त्याच वर्षी रोजचे सातशे उष्मांक गेले. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलींना निदान जेवण तरी तिथं असतं. घरून ये-जा करणारीला तेही नाही.

रक्ताचं तर विचारूच नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. शाळांमधून आठवड्याला एक निळी लोहाची गोळी देण्याची योजना आहे, चांगली आहे. पण रिकाम्या पोटी घेतली की मळमळतं, म्हणून ती खिडकीबाहेर जाते. गोळी कशी घ्यायची हे समजावून सांगायला कुणाला वेळ नसतो.

वयात येण्याच्या काळात आणखी एक घोळ होतो. मुलगे वयात येतात तेव्हा त्यांचा स्नायू वाढतो आणि वेग आपोआप वाढतो. मुलींच्या अंगावर स्नायूबरोबर थोडी चरबीही येते, कंबर रुंदावते. निसर्गाची ती योजनाच आहे. पण त्यामुळे वर्ष-दोन वर्षं वेळ थबकते, कधी मागे जाते. बाराव्या वर्षी वाऱ्यासारखी पळणारी मुलगी चौदाव्या वर्षी मागं पडली की "खायला लागली, जाड झाली" असा शिक्का बसतो. मग ती जेवण तोडते. खरं तर तिला हवा असतो थोडा धीर आणि ताकदीचे व्यायाम. या दोन वर्षांत आपण किती चांगल्या खेळाडू गमावल्या असतील!

एवढं वाचून कुणी आई-बाप म्हणतील, "नकोच तो खेळ. पोर घरात बरी." कृपा करून असं करू नका. माझा सगळा खटाटोप याच्या उलट आहे. धावण्यानं, उड्या मारण्यानं, कबड्डी-खो-खोच्या धक्क्यांनी वाढत्या वयातली हाडं मजबूत होतात. पोटभर खाऊन खेळणाऱ्या मुलीची हाडं घरात बसणाऱ्या मुलीपेक्षा भक्कम होतात. आणि खेळानं मुलींना जे दिलं आहे ते दुसऱ्या कशानं दिलं असतं? नाशिक जिल्ह्यात हरसूलकडच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवून आली. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकच्या तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली आणि दहावी आली. तिच्याआधी भारतीय मुलगी ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली होती ती १९८४ ची उषा. आमच्या मुलींना या दोघींची नावं तोंडपाठ आहेत. पण गरिबीतून वर आलेल्यांच्या गोष्टी सांगताना आपण एक चूक करतो. त्या उपाशी राहून जिंकल्या असं सुचवतो. उपासानं कुणी जिंकत नाही. त्यांच्या अंगात आणि मनात इतकं होतं, की उपास आडवा येऊनही त्या जिंकल्या. ज्यांच्या आडवा आला आणि ज्या थांबल्या, त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत, इतकंच.

दुसरा आक्षेप आमच्या वयाचे लोक घेतात. "आमच्या आज्या कांडण-दळण करून, पाणी भरून, दहा बाळंतपणं सोसून ठणठणीत होत्या." ठणठणीत होत्या की तक्रार करत नव्हत्या? गावातल्या म्हाताऱ्या बाया आठवून पाहा. कमरेत वाकलेल्या किती होत्या? वाकणं हे म्हातारपणाचं लक्षण आहे असं आपण धरून चाललो. ते एखाद वेळी विरळ झालेल्या मणक्यांचं लक्षण असू शकतं, हे विचारायला तेव्हा कुणी नव्हतं.

मग करायचं काय? मोठ्या शहरांतल्या क्रीडासंकुलांत हाडं, स्नायू आणि चरबी वेगवेगळी मोजणारी यंत्रं आहेत. ती प्रत्येक तालुक्याला मिळावीत असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे अजून धावायला सपाट मैदान नाही. पण एक वही चालेल. प्रत्येक मुलीच्या नावाचं एक पान. मोसमाच्या आधी, मध्ये आणि शेवटी उंची, वजन, हिमोग्लोबिन. वाढत्या वयात वजन घटलं तर ती प्रगती नाही, धोक्याची सूचना आहे, असं त्या वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहावं. वजन चारचौघांत करू नये आणि त्यावर शेरे मारू नयेत. पाळीची तारीख मुलीनं स्वतःजवळ लिहून ठेवावी, आणि सलग तीन महिने चुकली तर शाळेतल्या एखाद्या बाईंना किंवा आशाताईंना सांगावं. यात लाज कसली? ताप आला तर सांगतोच ना! पंधरा वर्षांची होऊनही पाळी सुरूच झाली नसेल तर डॉक्टरांना दाखवावं. आणि सरावाच्या आधी नि नंतर काहीतरी पोटात जावं.

हे 'काहीतरी' महाग असायची गरज नाही. डबे भरून मिळणाऱ्या पावडरी हव्यातच असं नाही. मूठभर शेंगदाणे नि गुळाचा खडा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर उष्मांक आणि पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. नाचणीची भाकरी, नाचणीत तांदळापेक्षा कितीतरी पट अधिक चुना असतो. कुळथाचं पिठलं, वालाचं बिरडं, शेवग्याचा पाला. बाजारात मिळणारी सुकट आणि जवळा. बारीक काट्यांसकट खाल्ला जाणारा हा सुका म्हावरा हाडांना फार चांगला. जमेल तेव्हा अंडं, केळं. आमच्या थाळीत हे सगळं होतंच. ताटातला तिचा वाटा भावाच्या नंतर येतो, खरा प्रश्न तिथं आहे. खेळणाऱ्या मुलाला आई न मागता जास्त वाढते, खेळणाऱ्या मुलीनं जास्त मागितलं तर "एवढं खातेस?" म्हणते. हे वाक्य मीही माझ्या घरात ऐकलेलं आहे, आणि खरं सांगायचं तर कधी उच्चारलेलंही आहे.

सरकारकडे मागायचं तर एवढंच मागावं : नववी-दहावीच्या ज्या मुली शाळेच्या संघात आहेत, त्यांना निदान मोसमापुरतं तरी दुपारचं जेवण द्या. एका तालुक्यात अशा मुली असून असून किती असतील? बँकेत याहून निरर्थक खर्चांची बिलं मी मंजूर होताना पाहिली आहेत.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. तिला सरकारी दवाखान्यात नेलं. हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. नडगीसाठी दीड महिना धावणं बंद, लोहाच्या गोळ्या, आणि "हिला जास्त खायला घाला," हे डॉक्टरीणबाईंनी आईला तीनदा बजावून सांगितलं. जिल्ह्याची स्पर्धा हुकली. तेव्हा ती आमच्या ओटीवर बसून खूप रडली. शाळेतल्या सरांना मी भेटले. भला माणूस. पाच खेळ आणि दोनशे मुलं एकट्यानं सांभाळतो. म्हणाला, "मॅडम, हे आम्हांला कुणी शिकवलंच नाही." खरं होतं ते. वही मात्र त्यानं लगेच घातली. आता तिच्यात बावीस पानं भरलेली आहेत.

यंदाच्या मोसमात ती पुन्हा धावते आहे. वजन ४२ च्या पुढे गेलं आहे, पाळी उन्हाळ्यात परत सुरू झाली. अजून पहिली आलेली नाही; गेल्या आठवड्यात चौथी आली. परवा पहाटे धावणं संपवून ओट्यावर शेंगदाण्याचा लाडू खात बसली होती. अर्धा लाडू हातात धरून एकदम थांबली आणि म्हणाली, "आजी, अजून दोन किलो वाढले तर सर काढणार तर नाहीत ना मला?"

मी म्हटलं, "लाडू संपव आधी."